पिक्सेलची शेजारती

जोतिबाच्या डोंगरावर एकच रंग टिकतो, गुलाबी. चैत्र पौर्णिमेला लाखो माणसं 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणत गुलाल उधळतात आणि तो गुलाल पावसाळा येऊन धुऊन नेईपर्यंत दगडात, उंबऱ्यात, कुत्र्याच्या पाठीवर आणि गल्ल्यातल्या नोटांवर दिसत राहतो. पांढरी चादर इथं कुणी दोरीवर वाळत घालत नाही. अशा गावात माझ्या भाच्यानं काळा रंग बघण्यासाठी लाखाच्या घरातला टीव्ही आणला, तोही हप्त्यावर.

गावाचं कागदोपत्री नाव वाडी रत्नागिरी, पण ते फक्त सातबाऱ्याला आणि पोस्टमनला माहीत. बाकी सगळ्यांना जोतिबा. कोल्हापुरातून निघून केर्लीला वळलं की घाट सुरू. आमच्या आक्काचं घर देवळाच्या वरच्या अंगाला. खाली नारळ-गुलाल-दवण्याचं दुकान, वर यात्रेकरूंना उतरायच्या खोल्या, आणि घरात देवाच्या सेवेची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. भाचा पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करतो आणि ते संपलं की त्याच कॉम्प्युटरवर रात्री उशिरापर्यंत राक्षस मारतो. डोंगराच्या परंपरेला ते धरूनच आहे म्हणा. जोतिबानं रत्नासुराला इथंच मारलं, म्हणून तर डोंगराला रत्नागिरी म्हणतात.

आता राक्षस मारायला साधा मॉनिटर चालला नसता का, हा प्रश्न दाजींनी विचारला. भाच्यानं त्याचं जे उत्तर दिलं त्याला आमच्याकडं 'सांगून दमला' म्हणतात. मी समजलो ते असं. साध्या एलईडी टीव्हीत मागं दिवे लावलेले असतात आणि पुढं झडपा. काळं दाखवायचं असेल तर झडप मिटायची, पण दिवा मागं चालूच. दार लावलं तरी फटीतून उजेड येतोच, म्हणून तिथला काळा रंग करडा. त्यानं आणलेल्या ओलेडमध्ये मागं दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि काळं व्हायचं असलं की स्वतःच विझतो. 4के पडद्यावर असे जवळपास 83 लाख ठिपके. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाख 76 हजार होती. म्हणजे जिल्ह्यातल्या तान्ह्या पोरासकट प्रत्येकाच्या हातात दोन-दोन दिवे दिले तरी पाच लाखांवर शिल्लक राहतात, आणि माझा भाचा ते सगळे विझलेले बघायला पैसे मोजतो.

"ह्या पैशात म्हैस आली असती," दाजी म्हणाले.

"दाजी, म्हशीचा रिफ्रेश रेट किती?" मी विचारलं.

"दोन वेळा. सकाळ-संध्याकाळ. आणि पैसे आणती."

ओलेडचं तंत्र काही कालचं नव्हे. कोडॅक कंपनीतल्या तांग आणि व्हॅन स्लाइक या दोघांनी 1987 मध्ये सेंद्रिय पदार्थाचा असा पातळ थर पेटवून दाखवला. मग वीस वर्षं गेली आणि 2007 मध्ये सोनीनं पहिला ओलेड टीव्ही विकायला काढला, तो 11 इंची. पुढं टीव्ही वाढत वाढत इतके मोठे झाले की ते टेबलावर ठेवायचं कुणाच्या मनात येईना. 2019 मध्ये एलजीच्या टीव्हींना एचडीएमआय 2.1 चं, म्हणजे 4के मध्ये सेकंदाला 120 चित्रं आत घेणारं भोक आलं, 2020 मध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांना तेच भोक आलं, त्याच वर्षी 48 इंची ओलेड आला आणि 2022 मध्ये 42 इंची. सोयरीक जमली. तेव्हापासून जगभरातली गेम खेळणारी पोरं बैठकीतला टीव्ही उचलून टेबलावर न्यायला लागली आणि जगभरातले बाप म्हशीचा भाव काढायला लागले.

टीव्ही आला तेव्हा मी तिथंच होतो. टेबल कॉलेजच्या वेळचं, दीड हात रुंद. त्यावर 42 इंच उभे केले तर समोर बसणाऱ्याला शत्रू दिसतो, पण आपला जीव किती उरलाय ते डाव्या कोपऱ्यात आणि नकाशा उजव्या कोपऱ्यात. मान एकदा इकडं, एकदा तिकडं. दोन दिवसांत आज्जीनं एरंडेलाची वाटी गरम करून ठेवली. शेवटी टीव्ही भिंतीवर चढवला आणि टेबल मागं ओढलं. मागं ओढल्यावर वायर पुरेना. लांब वायर आणली तर पडदा मधूनच काळा पडून परत यायचा. दुकानदार म्हणाला होता, "सगळ्या वायरी सारख्याच असतात." माणसं सारखी असतात यावर माझा विश्वास आहे, वायरींच्या बाबतीत नाही. सेकंदाला 120 चित्रं 4के मध्ये, पुऱ्या रंगांत न्यायची तर ती वायर सेकंदाला 48 अब्ज बिटांपर्यंत ओझं पेलणारी लागते. स्वस्तातली वायर घाटात गाडी दम टाकते तशी टाकत होती.

मग नामकरण. टीव्हीच्या ज्या भोकात कॉम्प्युटर जोडला त्याला टीव्हीच्या यादीत 'पीसी' असं नाव द्यावं लागतं. नाव दिलं नाही तर टीव्ही समजतो की मालिकाच चालू आहे आणि रंगांची काटकसर करतो. अक्षरं भिजल्यासारखी दिसतात. आपल्याकडं शहरांची नावं बदलली तरी खड्डे तिथंच राहतात. टीव्हीच्या भोकाचं नाव बदललं की मात्र अक्षरं खरोखर सुधारतात. त्यावर 'गेम मोड' निराळा. तो लावला नाही तर टीव्ही आपल्या बुद्धीनं चित्र सुधारत बसतो आणि इकडं बटण दाबल्यावर तिकडं तलवार सावकाश, विचार करून उठते. तोवर राक्षसानं आपला कार्यक्रम उरकलेला असतो.

एवढं झाल्यावर एका संध्याकाळी भाच्यानं सगळ्यांना बोलावून दिवे घालवले आणि गेम लावला. पडदा काळा झाला. इतका काळा, की खोलीत टीव्ही कुठल्या भिंतीला आहे ते कळेना. "लाईट गेली काय रं?" दाजींनी आतून हाक मारली. मी डोळे ताणून बघत होतो. तेवढ्यात कुणीतरी जिन्यावरचा दिवा लावला आणि त्या लाखाच्या काळ्यात मला माझंच टक्कल स्वच्छ दिसलं. पडद्याची काच तकतकीत असते, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतं.

पण मग गेम सुरू झाला, आणि खोटं कशाला बोला, मी गप्प झालो. गेम पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला, 'राजी', 2020 सालचा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत एक पोरगी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन फिरते. अंधारात नुसती एक ज्योत, ज्योतीच्या कडेला कसलाही धूसर पट्टा नाही. गाभाऱ्यात समईकडं बघताना जसा बाजूचा अंधार अंधारच राहतो, तसा. आज्जी खुर्ची ओढून बसली. पोरगी चार राक्षसांना एकटी भिडत होती.

"कुणाची रं ही?"

"पुण्याची, आज्जी."

"मग ऐकणार न्हाई ती."

इथवर सगळं गोड होतं. खरं प्रकरण पुढं. ओलेडमधला तो पेटणारा थर सेंद्रिय, म्हणजे तो वापरानं म्हातारा होतो. जो ठिपका जास्त पेटला तो लवकर थकतो, त्यातही निळा सगळ्यांत आधी. चित्र हलतं असेल तर सगळे बरोबरीनं म्हातारे होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही, आपल्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर होतं तसंच. पण एखादी गोष्ट महिनोन्‌महिने एकाच जागी उजळ राहिली, तर तिथले ठिपके इतरांपेक्षा झिजतात आणि त्या वस्तूचं भूत पडद्यावर कायमचं बसतं. बातम्यांच्या चॅनेलची लाल पट्टी, मालिकेच्या चॅनेलचं कोपऱ्यातलं चिन्ह, गेममधला नकाशा. कॉम्प्युटरवर तर सगळंच एका जागी बसलेलं असतं. खालची पट्टी, घड्याळ, कचऱ्याची टोपली.

म्हणून भाच्यानं कॉम्प्युटरवरून सगळं हटवलं. खालची पट्टी लपवली, पडद्यावरची चिन्हं काढून टाकली, मागचं चित्र काळं केलं, आणि दोन मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप विझेल अशी व्यवस्था केली. आता तो कॉम्प्युटर चालू आहे की बंद, हे माऊस हलवल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. मी एकदा बंद समजून त्याच्यापुढं चहाचा कप ठेवून वर्तमानपत्र उघडलं, तर आतून भाच्याच्या कंपनीतला साहेब 'हॅलो' म्हणाला.

आणि मग आज्जीचं लाईव्ह दर्शन. 2020 आणि 2021 ला करोनामुळे चैत्र यात्रा भरली नाही, तेव्हा भाविकांना देव पडद्यावर बघायची सवय लागली. आज्जीला तर देऊळ हाकेच्या अंतरावर, पण गुडघे पायऱ्या मोजू देत नाहीत. ती दुपारी मोठ्या पडद्यावर दर्शन लावायला सांगायची. आता लाईव्ह दर्शनात हलत काय असतं? देव जागेवर, समई जागेवर, खाली नावाची पट्टी जागेवर. हलतो तो फक्त मधूनच येणारा पुजाऱ्याचा हात. भाचा घामाघूम.

"आज्जी, एकाच जागी फार वेळ राहिलं की पडद्याला त्रास होतो."

"द्येव एका जागी न्हाई बसायचा तर काय पळंल व्हय?"

"अगं, छाप राहते कायमची. परत पुसत नाही."

आज्जीनं क्षणभर विचार केला. "मग बरंच की. निराळी तसबीर लावायला नको."

यावर कुठल्याच माहितीपत्रकात उत्तर नाही. मला तर वाटतं कंपनीनं ज्याला दोष म्हटलंय त्याचं इथं देवस्थान व्हायला वेळ लागला नसता. खाली दुकान तयारच आहे, नारळही आहेत. भाच्यानं तडजोड केली. दर्शन लावायचं, पण पंधरा मिनिटांनी यमाई देवीचं लावायचं, मग गावातल्या कॅमेऱ्यावर काढलेला पालखीचा जुना व्हिडिओ. पालखी हलते. पिक्सेल सुखी.

टीव्ही स्वतःही खटपट करतो. चित्र कुणाला कळणार नाही इतकं बारीक इकडून तिकडं सरकवतो. आणि एकूण चारेक तास वापर झाला की, रिमोटनं बंद केल्यावर, आतल्या आत कुठला ठिपका किती थकला ते मोजून त्याची भरपाई करतो. त्याला काही मिनिटं लागतात. अट एकच, भिंतीवरचं बटण चालू पाहिजे. आणि नेमकं हेच आमच्याकडं अशक्य. रात्री निजण्यापूर्वी सगळ्या घरातली बटणं बंद करत फिरणं हा आमच्या आक्काचा नित्यनेम. गॅस, कडी, बटणं. त्यात हा डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर. वळीव आला की विजा जणू आमच्याच गच्चीवर टेकायला येतात, आणि पहिल्या गडगडाटाला घरातल्या सगळ्या पिना उपटायच्या हा नियम रेडिओच्या काळापासूनचा. टीव्हीचा रोज रात्री डोळा लागतो न लागतो तोच बटण बंद.

भाच्यानं आईला समजावलं. बटणाला चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीसकट बटण बंद झालं. इंग्रजीतलं माहितीपत्रक वाचून दाखवलं. आक्का म्हणाली, "लाल दिवा लागलेला असतो रात्रभर, बिल कोण भरणार?" अखेर त्यानं आज्जीच्या पायाशी बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं. दिवसभर राबतो, रात्री आम्ही बंद केल्यावर आतल्या आत थोडा वेळ स्वतःचं बघतो, त्या वेळी कुणी उठवलं तर दुसऱ्या दिवशी अंगावर वळ दिसतात.

"आसं सांग की मग," आज्जी म्हणाली. "शेजारती झाल्यावर गाभाऱ्याकडं कुणी फिरकायचं नसतंय."

मला जे सांगायला चार परिच्छेद लागले ते तिनं एका वाक्यात मिटवलं. ज्या घराण्याचं आयुष्य देवाला वेळेवर उठवण्यात, वेळेवर न्हाऊ घालण्यात आणि वेळेवर निजवण्यात गेलं, त्याला पिक्सेलची भरपाई समजावणं अजिबात अवघड नव्हतं. आम्ही उगीच इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलत होतो. त्या रात्रीपासून रिमोट खाली ठेवल्यावर आज्जी खुर्चीत बसून राहते, जपमाळ घेऊन. काही वेळानं टीव्हीच्या आतून 'टिक्' असा बारीक आवाज होतो. मग ती आक्काला हाक मारते, "झोपला गं, कर बंद." वीज कडाडली तर मात्र सोवळं बाजूला, आधी पीन. "निजंल उद्या," असं ती टीव्हीला सांगते.

दाजींचा संबंध एक्सेलपुरता. खोल्यांचा हिशेब ते त्याच कॉम्प्युटरवर लिहितात. ओलेडचा एक स्वभाव असा, की थोडा भाग उजळायचा असेल तर तो झळाळून उठतो, पण सगळा पडदा पांढरा करायला सांगितला की आखडता हात घेतो. सगळे दिवे एकदम पेटवले तर वीज आणि उष्णता झेपत नाही, म्हणून टीव्ही आपणहून मंदावतो. एक्सेल म्हणजे पांढरं शेत. दाजींनी हिशेब उघडला की पडदा उतरतो. "माझा हिशेब बघितला की ह्याचं तोंड पडतं," असं ते म्हणतात. भाच्यानं एक्सेल काळं करून दिलं, काळ्यावर पांढरे आकडे. दाजींनी ते लगेच परत पांढरं करायला लावलं. "काळ्यात हिशेब ठेवल्यावर साहेबाला काय सांगू?"

मराठीची एक निराळीच गंमत या पडद्यावर दिसते. एलजीच्या या पडद्यात तांबडा, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा पांढरा ठिपका असतो. विंडोज मात्र तीनच आहेत असं धरून अक्षरांच्या कडा घासून गुळगुळीत करते. हिशेब चुकतो आणि उभ्या रेघांच्या कडेला रंगाची पुसट किनार येते. ही घासाघीस आडव्या दिशेनं चालते, त्यामुळे आडव्या रेघांना धक्का नाही. परिणाम असा, की आपली शिरोरेषा कोरीव, स्वच्छ, आणि तिला लटकलेले काने मात्र गुलाल खेळून आलेले. भाच्याला हे खुपतं. मला वाटतं, जोतिबाच्या डोंगरावर एवढं चालायचंच.

खऱ्या गुलालाची गोष्ट निराळी. यात्रेच्या दिवशी पाडळीची मानाची सासनकाठी येते, मागोमाग सातारा-सांगलीकडच्या, कर्नाटकातल्या. एवढाली उंच काठी एकजण पोटाशी धरून नाचवतो आणि चहूबाजूंनी तोरण्या ताणून बाकीचे तिला तोलतात. वरून गुलाल आणि खोबऱ्याचा मारा. दारं-खिडक्या लावल्या तरी गुलाल घरात येतोच, आणि गेमच्या कॉम्प्युटरला पुढं तीन, मागं एक असे पंखे असतात, त्यातले पुढचे खोलीतली हवा आत ओढायलाच बसवलेले. भाच्यानं टीव्हीला दुलई पांघरली, कॉम्प्युटरला आज्जीचं जुनं लुगडं. त्या लुगड्याला भोकं होती.

शिवाय पाहुणे. वरच्या खोल्यांत उतरलेली साताऱ्याकडची मंडळी पाय दुखतात म्हणून बैठकीत आली आणि भिंतीवर एवढा मोठा टीव्ही दुलईत निजलेला बघून त्यांना वाईट वाटलं. एप्रिल महिना, आयपीएलची मॅच. नाही कसं म्हणणार, पाहुणा डोंगर चढून आलाय. दुलई निघाली. मॅचमध्ये सगळं हलतं, पण खाली धावसंख्येची पट्टी तीन-साडेतीन तास एका जागी ठाण मांडून. भाचा पाच-पाच मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून चॅनेल बदलायचा. एकदा नेमकी विकेट पडली. फेटेवाले एक आजोबा उठून पडद्याजवळ गेले आणि "हितं चुकला त्यो," असं म्हणून त्यांनी फलंदाजाच्या पॅडवर बोट ठेवलं. गुलालाचं बोट. त्या काचेला ओलं फडकं चालत नाही, साबण चालत नाही, जोरात घासणं चालत नाही. भाच्यानं चष्म्याच्या रुमालानं ते बोट हळूहळू पुसलं, तेव्हा पुसण्याच्या वाटेवर आणखी दोन बोटं उमटली.

यात्रा पांगल्यावर त्यानं कॉम्प्युटर उघडला. ग्राफिक्स कार्डाच्या पात्यांना, पंख्याच्या मध्याला, मेमरीच्या खाचांत, सगळीकडं गुलाबी थर. लोक कॉम्प्युटरच्या पोटात रंगीत दिवे बसवायला पैसे देतात, याचा फुकटात रंगला. गच्चीवर नेऊन ब्लोअर मारला तर शेजारणीनं वर बघून हात जोडले.

तीच शेजारीण परवा आमच्याकडं आली. तिच्या मुलानं असाच टीव्ही बुक केलाय म्हणे, हप्त्यावर. पोरगा काही नीट सांगत नाही, म्हणून तिनं सरळ आज्जीला विचारलं, ह्याचं काय काय करावं लागतं. आज्जीनं पाय पसरून ऐसपैस सांगितलं. एका जागी काही फार वेळ ठेवायचं नाही. तोंडावर ऊन येऊ द्यायचं नाही. पाण्याचा हात लावायचा नाही. रात्री टिक् वाजेपर्यंत बटणाला शिवायचं नाही, वाजल्यावर मात्र बंद करायचं. वीज कडाडली तर आधी पीन. यात्रेच्या आदल्या दिवशी दुलई, आणि दुलई भोकाची नको.

शेजारणीनं सगळं बोटांवर मोजलं. "आणि उपास-बिपास काय?"

"हाय की," आज्जी म्हणाली. "हप्ते फिटंपतूर. सगळ्या घराला."